फवारणीचा करार करावा की भोकं बुजवावीत?

पत्र : «आम्ही दोन वर्षांपूर्वी एका जुन्या घरात राहायला आलो. इथला हिवाळा कडक, चार-पाच महिने बर्फ असतो. थंडी पडल्यापासून रात्री स्वयंपाकघराच्या छतात खुडबुड चालते आणि ओट्याखाली काळ्या लेंड्या सापडतात. ऊन पडलं की वरच्या खोलीच्या खिडकीत सुस्त माशा गोळा होतात. पानगळीच्या दिवसांत आम्ही एक वापरलेला फ्रीज घेतला, तेव्हापासून बारीक तपकिरी झुरळंही दिसू लागली आहेत. पेस्ट कंट्रोलवाला आला, दहा मिनिटांत घर पाहिलं आणि वर्षभराचा करार पुढे केला : दर महिन्याला आतून-बाहेरून फवारणी. सासूबाई म्हणतात, थंडी अजून वाढू दे, सगळे आपोआप मरतील. नवरा म्हणतो, दोन दिवस हीटर बंद ठेवून आपण पाहुण्यांकडे जाऊ. घरात सव्वा वर्षाचं बाळ आहे, मांजर आहे. करारावर सही करू का?»

ताई,

सही करू नका. निदान त्या कागदावर तरी नको. जो माणूस पोटमाळ्यावर चढला नाही, ज्यानं फ्रीज पुढे ओढून पाहिला नाही आणि तरीही बारा फवारण्या ठरवून टाकल्या, त्याला तुमच्या घरात नेमकं कोण राहतंय याच्याशी काही देणंघेणं नाही. पण म्हणून पेस्ट कंट्रोलवाला नकोच, असं मी म्हणणार नाही. तुमच्या पत्रात तीन निरनिराळी प्रकरणं आहेत. झुरळांसाठी माणूस बोलवावा लागेल. उंदरांचं बरंचसं काम तुमचं तुम्हाला जमण्यासारखं आहे. आणि माशांच्या मागे या हिवाळ्यात औषध घेऊन लागू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी सासूबाईंचा मुद्दा. तो चुकीचा असला तरी वेडगळ नाही. थंडीनं किडे मरतात हे खरंच, पण ते उघड्यावर, तयारी नसताना सापडले तर. कडक हिवाळ्याच्या मुलखात पिढ्यानपिढ्या राहणारे किडे तयारीनिशी असतात. काहींच्या अंगात ग्लिसरॉलसारखी द्रव्यं साठतात, त्यामुळे शरीरातलं पाणी लवकर गोठत नाही. काही जण खाणंपिणं थांबवून महिनोन् महिने निपचित पडून राहतात. आणि ज्यांना यातलं काही जमत नाही ते तुमच्या घरात येतात, कारण तिथे हीटर आहे. म्हणजे बाहेरचा पारा जितका उतरेल तितकी घराची ओढ वाढते. जमिनीवर बर्फाचा चांगला थर बसला की त्याच्याखालचं तापमानही शून्याच्या आसपासच राहतं, वर हवा कितीही गार असो. तिथेही जीव टिकतात.

तुमच्या यजमानांची युक्ती मात्र कृपा करून होऊ देऊ नका. त्यात पहिला बळी नळांचा जाईल. पाइपातलं पाणी गोठलं की पाइप फुटतो आणि मग भिंतीत ओल मुरते, जी पुढच्या किड्यांना आमंत्रणच. उंदरांना तर त्यानं काही फरक पडणार नाही. मांस साठवण्याच्या शीतगृहांत, उणे १० अंशांच्या आसपास, घरगुती उंदरांनी संसार थाटून पिल्लं वाढवल्याच्या नोंदी आहेत. थंडीचा उपयोग होतो तो बंदिस्त आणि एकसारखी असेल तेव्हा. ढेकणांचा संशय असलेले कपडे किंवा पुस्तकं उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये सलग ४ दिवस ठेवली तर ढेकूण आणि त्यांची अंडी मरतात. तीच वस्तू अंगणात ठेवली तर दुपारी ऊन लागतं, रात्री गोठते, आणि आतल्या थरांपर्यंत थंडी पोहोचली की नाही ते कळायला मार्ग नसतो.

आता छतातली खुडबुड. आवाज रात्रीचा आणि हलका आहे, लेंड्या काळ्या आहेत. त्या तांदळाच्या दाण्याएवढ्या किंवा त्याहून लहान, टोकाला निमुळत्या असतील तर उंदीरच समजा. आवाज भल्या सकाळी किंवा दिवसा येत असता, जड पावलांचा असता, तर मी खारीचा संशय घेतला असता. पोटमाळ्यात वटवाघळं लटकलेली दिसली तर मात्र भोकं बुजवायला घेऊ नका. ती शीतनिद्रेत असतात, हिवाळ्यात बाहेर काढली तर मरतात, आणि बऱ्याच देशांत त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

उंदराबद्दल एकच आकडा पक्का लक्षात ठेवा : ६ मिलिमीटर. पेन्सिल जिथून आत जाईल तिथून उंदीर जाऊ शकतो. कवटी आत शिरली की बाकीचं अंग तो मागून ओढून घेतो. मादी २०-२१ दिवसांत विते, एका वेताला साधारण ५-६ पिल्लं, आणि दीड-दोन महिन्यांत ती पिल्लं स्वतः विण्याजोगी होतात. त्यामुळे नुसतं मारत राहून हा हिशोब कधी मिटत नाही. दार उघडं आहे तोवर नवे येत राहणार. फवारणीचा तर इथे संबंधच येत नाही. किडे मारायचं औषध भिंतीवर मारून उंदीर थांबत नाही, तरी करारात मात्र «उंदीर» हा शब्द लिहिलेला असतो. तुमचा कागद पुन्हा वाचून पाहा.

भोकं शोधायला हिवाळ्यासारखा मोसम नाही. रात्री ताजा बर्फ पडून गेला की सकाळी, कुणी अंगणात फिरण्याआधी, घराला एक सावकाश फेरी मारा. चार इवल्या पावलांचे झुपके, थोडं अंतर सोडून पुन्हा चार, कधी मधोमध शेपटीची बारीक रेघ. ही ओळ झुडपापासून किंवा लाकडाच्या ढिगापासून निघते आणि भिंतीपाशी येऊन संपते. जिथे संपते तिथे वाका. गॅसची नळी, पाण्याचा पाइप, एसीची वायर, गॅरेजच्या दाराचे खालचे दोन कोपरे, पायरी आणि भिंत यांच्यामधली भेग : बहुतेक वेळा यातलंच काहीतरी असतं. एखाद्या फटीभोवती बर्फ वितळून गोल पडलेला दिसला तर तिथून घरातली ऊब बाहेर झिरपतेय. उंदीर तीच ऊब हुंगत येतो. म्हणजे तुमचं हीटरचं बिल आणि उंदीर एकाच भोकातून ये-जा करतात.

बुजवायचं कशानं, हे महत्त्वाचं. नुसता फोम भरू नका. तो फुगतो, वाळतो, छान दिसतो आणि उंदीर तो एका रात्रीत कुरतडतो. आधी स्टीलच्या तारेचा चोथा किंवा तांब्याची जाळी दाबून भरा, मग वरून सीलंट लावा. मोठ्या भोकाला पत्रा किंवा ६ मिलिमीटरहून बारीक घराची मजबूत तारेची जाळी. दाराखाली रबरी किंवा ब्रशची पट्टी. अडचण एवढीच की बरीचशी सीलंट ५ अंशांच्या खाली नीट धरत नाहीत, तेव्हा डब्यावरचं तापमान वाचून घ्या. बाहेर कडाका असेल तर आत्ता आतल्या बाजूनं बुजवा : सिंकखाली, फ्रीजमागे, जिथे जिथे पाइप भिंतीत शिरतो तिथे. बाहेरच्या जागांवर खूण करून ठेवा, बर्फ सरला की पुरतं काम करा.

दोन ठिकाणी हात आखडता घ्या. हीटर किंवा बॉयलरचा धूर बाहेर टाकणारा पाइप कधीही झाकू नका. कार्बन मोनॉक्साइड घरात साचला तर माणसं झोपेतच दगावतात. आणि कपडे वाळवायच्या यंत्राच्या नळीवर बारीक जाळी लावू नका, तिच्यात कपड्यांचे सुटलेले तंतू अडकून आग लागू शकते. तिथे हवा आली की उघडणारी आणि थांबली की मिटणारी झडपच हवी. विटांच्या भिंतीत हवेसाठी मुद्दाम ठेवलेल्या फटीही सीलंटनं बंद करायच्या नाहीत, त्यांना जाळी पुरते.

भोकं बुजवताना आत असलेल्यांसाठी साधे झडपेचे सापळे लावा. एकदोन लावून वाट पाहणं हीच सगळ्यात मोठी चूक, एकदम डझनभर लावा. उंदीर मोकळ्या जागेतून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो, म्हणून सापळा भिंतीला काटकोनात आणि आमिषाचं टोक भिंतीकडे. तो बिळापासून फार लांबही फिरत नाही, काही मीटरच. तेव्हा लेंड्या आहेत तिथेच सापळा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही. आमिष वाटाण्याएवढंच. शेंगदाण्याचं बटर उत्तम, आणि कडाक्याच्या थंडीत कापसाचा किंवा दोऱ्याचा गुंता सापळ्याला बांधला तर तोही चालतो, कारण मादी घरट्यासाठी मऊ काहीतरी शोधतच असते. बाळ रांगतं-चालतं आहे, त्यामुळे सापळे फक्त पोटमाळ्यात, फ्रीजमागे आणि कुलूपवाल्या खोक्यात. चिकट पट्ट्या उंदरांसाठी मला पसंत नाहीत. जनावर तासन् तास तडफडतं, आणि तुमच्या मांजराचा पाय चिकटला तर वेगळंच रामायण.

मांजर आहे म्हणजे उंदीर येणार नाहीत, हेही गृहीत धरू नका. भिंतीच्या आत मांजर शिरत नाही, उंदरांना हे पक्कं ठाऊक असतं. आणि भिंतीत खोचायची ती «अल्ट्रासोनिक» यंत्रं? अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० हून अधिक कंपन्यांना इशारेवजा पत्रं धाडली होती, की दाव्यांना शास्त्रीय आधार असल्याशिवाय जाहिरात करू नका. यंत्रं अजून विकली जातातच.

विषाच्या गोळ्यांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पेस्ट कंट्रोलवाला त्या नक्की काढेल. त्यातल्या बहुतेक गोळ्या रक्त गोठू देत नाहीत. उंदीर खातो आणि काही दिवसांनी मरतो. तोवर तो भिंतीत जातो. विष खाल्लेला उंदीर पाण्याच्या शोधात घराबाहेर जाऊन मरतो, ही समजूत साफ खोटी आहे. तो जिथे राहतो तिथेच मरतो, तुमच्या इन्सुलेशनमध्ये, आणि हिवाळ्यात खिडक्या बंद असताना तो वास पुढचे कित्येक दिवस सोसावा लागतो. विष खाल्लेला सुस्त उंदीर मांजरानं पकडला तर विष मांजराच्या पोटात. नव्या पिढीतली काही विषं यकृतात महिनोन् महिने टिकतात. या प्रकारावर व्हिटॅमिन के १ हा उतारा आहे, पण ब्रोमेथॅलिन नावाचं दुसरं विष मेंदू आणि मज्जासंस्थेवर काम करतं आणि त्याला उताराच नाही. म्हणून घराच्या आत विष नको, यावर ठाम राहा. बाहेर ठेवायचंच असेल तर कुलपाच्या, जागेवर पक्क्या बसवलेल्या पेटीतच, आणि आत कोणतं विष आहे ते नावानिशी कागदावर लिहून घ्या. काही विपरीत झालं तर डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

लेंड्या मात्र झाडूनं झाडू नका, व्हॅक्यूमही लावू नका. काही जंगली उंदीर हंताव्हायरस नावाचा घातक विषाणू बाळगतात आणि तो वाळलेल्या मलमूत्राच्या धुळीतून श्वासात जातो. तुमच्या छतात कुठल्या जातीचा उंदीर आहे हे खालून सांगता येत नाही, म्हणून सावधगिरी सरसकट बरी. खिडकी उघडून अर्धा तास हवा खेळू द्या, थंडी सोसा. हातमोजे घाला, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण करून लेंड्या चिंब भिजवा, ५ मिनिटं थांबा, मग कागदानं टिपून पिशवीत बांधून टाका. हे करताना बाळ दुसऱ्या खोलीत.

माशांचं प्रकरण थोडक्यात. घरमाशीपेक्षा किंचित मोठ्या, सुस्त, पाठीवर सोनेरी लव, बसल्यावर पंख एकमेकांवर : अशा असतील तर त्या क्लस्टर फ्लाय. यांच्या अळ्या जमिनीत गांडुळांच्या अंगावर वाढतात. तुमच्या कचऱ्याशी किंवा स्वच्छतेशी त्यांचा काही संबंध नाही, तेव्हा सासूबाईंनी काही टोमणा मारला असेल तर हे त्यांना जरूर वाचून दाखवा. पानगळीत त्या ऊन खाणाऱ्या भिंतीवर जमतात, फटींतून पोटमाळ्यात शिरतात आणि निजतात. भर हिवाळ्यात ऊन पडलं की भिंत तापते, त्यांना वाटतं वसंत आला, आणि त्या उजेडाच्या दिशेनं चुकून खोलीत उतरतात. घरात त्या अंडी घालत नाहीत. व्हॅक्यूमनं ओढून घ्या, पिशवी लगेच बाहेर टाका. खिडकीच्या चौकटीच्या फटी आतून टेपनं बंद करा. भिंतीत औषध मारून शेकडो माश्या आतच मेल्या तर त्यांची मढी खायला कार्पेट बीटलच्या अळ्या येतात, आणि त्या पुढे लोकरीच्या कपड्यांवर उतरतात. एक उपद्रव घालवून दुसरा विकत घेण्याचा हा प्रकार. खिडकीत लाल-नारिंगी ठिपकेवाले भुंगे जमले तरी हाच नियम, फक्त ते चिरडू नका, पिवळे डाग पडतात.

झुरळं मात्र पाहुणी नाहीत. अंगठ्याच्या नखाहून लहान, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन गडद उभ्या रेघा : हे जर्मन कॉक्रोच. गोठवणाऱ्या थंडीत ते बाहेर जगत नाहीत, म्हणजे ते अंगणातून आलेले नाहीत, बहुधा तुमच्या त्या फ्रीजमधूनच आले. मोटरजवळची उबदार, अंधारी जागा त्यांना फार आवडते. बाहेरच्या भिंतीवर दर महिन्याला औषध फवारून यांना काय होणार? मादी अंड्यांची थैली पिल्लं बाहेर पडायच्या वेळेपर्यंत शेपटाशी बाळगते, एका थैलीत ३०-४० अंडी. थैलीतल्या अंड्यांना औषध सहसा बाधत नाही. त्यामुळे एका फेरीत काम संपत नाही आणि उशीर केला तर वाढतच जातं. इथे जाणकार माणूस बोलवा.

तो यायच्या आधी दोन रात्री फ्रीजमागे, सिंकखाली, ओव्हनच्या बाजूला किड्यांसाठीचे चिकट सापळे ठेवा, मांजराचा पंजा पोहोचणार नाही असे. कुठल्या सापळ्यात जास्त सापडली त्यावरून वस्ती कुठे आहे ते कळतं. चांगला माणूस हे सापळे मागून घेतो. उपाय फवारणीचा नाही, जेलचा : बिजागरीत, फटीत, मोटरच्या खोबणीत मोहरीएवढे ठिपके, जिथे बाळाचं बोट जात नाही. झुरळं ते खातात, आणि त्यांची विष्ठा खाणारी पिल्लंही त्यातून मरतात. जेल लावल्यावर त्यावर किंवा आसपास बाजारचा स्प्रे मारू नका, वासानं झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. धूर सोडणारे डबे तर आणूच नका. त्यांचं औषध फटीपर्यंत पोहोचत नाही, झुरळं पसरतात, आणि गॅसची ज्योत चालू असेल तर स्फोटाचा धोका. दोन-तीन आठवड्यांनी दुसरी फेरी हवीच. ओट्यावरचं सांडलेलं, मांजराची रात्रभर उघडी राहणारी वाटी आणि सिंकखालची ठिबक हेही आवरा, नाहीतर जेलपेक्षा चांगलं जेवण त्यांना समोरच मिळतं.

आता करार. नवा माणूस बोलावलात तर त्याच्याकडे परवाना आहे का ते पाहा, आणि पैशांचं बोलण्याआधी त्याच्याकडून तपासणी करून घ्या. पोटमाळा, तळघर, बाहेरची फेरी, फ्रीजमागची जागा. या कामाला तासभर सहज लागतो. मग विचारा : कुठला कीटक, कुठल्या खुणेवरून ओळखला? औषधाचं नाव काय, कुठे लावणार, बाळाला त्या खोलीत किती वेळानं आणायचं? भोकं बुजवणं यात धरलंय का, की ते वेगळं? पुन्हा झालं तर फुकट याल का, आणि किती महिन्यांपर्यंत? भर हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीवर फवारणी कशासाठी, हे मुद्दाम विचारा. त्या दिवसांत बाहेर चालणारा किडाच नसतो. तिचा उपयोग आहे तो उन्हाळा संपताना, माश्या-भुंगे भिंतीवर जमायच्या आधी, आणि वर्षातून ती एक फेरी पुरते. माझ्या मते तुमच्या घराला एवढं लागेल : झुरळांसाठी आत्ता दोन किंवा तीन फेऱ्या, बर्फ वितळल्यावर बाहेरची भोकं बुजवायचा एक दिवस, आणि उन्हाळ्याच्या शेवटी एक तपासणी. एवढंच लिहून द्यायला जो तयार होईल त्याच्याशी करार करा.

आणखी एक, कारण घर जुनं आहे. या हिवाळ्यात खिडकीच्या चौकटीपाशी किंवा न्हाणीघरात मोठ्या काळ्या मुंग्या दिसल्या, किंवा लाकडाखाली बारीक भुशाची रास दिसली, तर ती झाडून टाकू नका, फोटो काढून ठेवा. बाहेर सगळं गोठलेलं असताना सुतारमुंगी घरात फिरत असेल, तर वारूळ घरातच, बहुधा कुठल्यातरी ओलसर लाकडात आहे. तिथे औषधाआधी छताची किंवा नळाची गळती शोधावी लागते. पेस्ट कंट्रोलवाल्याच्या आधी प्लंबरला फोन करा.